गुडघा, मेण आणि गॅरंड: अमेरिकेच्या एका फसलेल्या रायफलीची गोष्ट

लेथवाला_देवगड

मंडळी, कालपासनं लाईट नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद म्हणजे आमचा खरा सीझन, दोन ट्रॉलरची इंजिनं उघडून पडलीत, पण लेथ काय हाताने फिरत नाही, त्यामुळे मोबाईलची बॅटरी आहे तोवर हा धागा लिहून घेतो. गेले महिनाभर एका रायफलीने डोकं खाल्लंय. चालली ती नव्हे, फसली ती.

माणसाचं नाव जॉन डग्लस पेडरसन, जन्म १८८१, रेमिंग्टन कंपनीच्या बंदुका डिझाईन करायचा. पहिल्या महायुद्धात याने एक भन्नाट डबडं काढलं. अमेरिकन शिपायाकडे स्प्रिंगफील्ड १९०३ ही बोल्ट रायफल होती, प्रत्येक गोळीला दांडा वर-मागे-पुढे-खाली करायचा, पोटात पाच गोळ्या. पेडरसन म्हणाला बोल्ट (गोळी आत ढकलून नळी मागून बंद करणारा तुकडा) काढा, त्या जागी माझं हे यंत्र सरकवा, वरून ४० छोट्या गोळ्यांचं मॅगझिन लावा, आणि मग फक्त चाप ओढत राहा, गोळी भरायचं काम बंदूक करील. शत्रूला पत्ता लागू नये म्हणून कागदोपत्री नाव ठेवलं ‘ऑटोमॅटिक पिस्तूल मॉडेल १९१८’. ६५ हजारांच्या आसपास बनवली, तेवढ्यात युद्धच संपलं, आणि पुढे जवळपास सगळी सैन्यानेच नष्ट केली.

पण मला सांगायचंय ते पुढचं. १९२० च्या दशकात अमेरिकन सैन्याला पूर्ण ताकदीची सेमी ऑटोमॅटिक रायफल हवी होती, म्हणजे चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटणार पण पुढची आपोआप भरणार. पेडरसनने सांगितलं, तुमचं .३० इंचाचं काडतूस यासाठी जास्त जोराचं आहे, मी आधी काडतूस बनवतो मग त्याच्याभोवती बंदूक. ते .२७६ काडतूस. लहान, धक्का कमी, दहा गोळ्यांची एक क्लिप, म्हणजे गोळ्या एकत्र धरणारी पत्र्याची पकड. आणि बंदुकीत गोळी सुटताना बोल्ट मागून बंद धरणाऱ्या कुलपाच्या जागी बसवला गुडघा.

गुडघाच म्हणतोय. पाटी घेऊन बाजारात येणारी मावशी बघा. गुडघे ताठ असतील तोवर डोक्यावर वीस किलो सुरमई घेऊन ती भाव करत अर्धा तास उभी राहील. तिला सांगा, गुडघे जरासे वाकवून उभी राहा. दोन मिनिटांत तुमच्या सात पिढ्या काढेल. टॉगल म्हणतात तो हाच प्रकार, बोल्टच्या मागे दोन तुकडे सांध्याने जोडलेले. लुगर पिस्तुलात हा गुडघा पूर्ण ताठ असतो म्हणून ते पक्कं कुलूप. पेडरसनने सांध्याचा आकार असा ठेवला की गुडघा कुलूप लावतच नाही, नुसता उशीर करतो. दाब पहिल्यापासून त्याला वाकवत असतो पण सुरवातीला सांधा इतक्या अवघड कोनात असतो की तो हळूहळू वाकतो, तेवढ्यात गोळी नळीतून बाहेर, मग गुडघा फटकन वर उडतो आणि रिकामं काडतूस बाहेर.

जळालेल्या दारूचा गॅस नळीतून घेऊन त्याच्या जोराने बोल्ट उघडायचा, तो प्रकारच नाही: गॅसची नळी नाही, पिस्टन नाही, लांब दांडा नाही. ड्रॉइंग बघितलं तेव्हा मी खरंच ‘आयला’ म्हणालो.

आता घोळ. काडतुसाची पितळी खोळ गोळी सुटताना फुगून नळीला घट्ट चिकटते, आणि नेमकं तेव्हाच ती मागे सरकायला लागते. कोरडी असली की अडकते नाहीतर फाटते. म्हणून पेडरसनने काय करावं? प्रत्येक काडतुसावर मेणाचा पातळ थर दिला! सेरेसिन नावाचं खनिज मेण, हाताला कोरडं लागणारं.

माझं मत, इथेच ती बंदूक मेली. बॅटरी १९ टक्के. तुम्ही बोला.

---

हवालदार_काका

बरा केलंस रे झिला धागो काढलंस. माझी फौजेतली नोकरी १९७९ ते ९८, सगळी एसएलआरवर, म्हणजे आपली सेमी ऑटोमॅटिक रायफल. आमका पहिल्या आठवड्यात शिकयलेला, रायफलीक तेल, राउंडाक (काडतुसाक) नाय. राउंड पुसून कोरडो करायचा.

एकदा राजस्थानात फायरिंगला एका शहाण्याने राउंड सरकन जावेत म्हणून तेलाच्या चिंदीने पुसून मॅगझिन भरली. वाळू कशी असते तिकडची, पिठासारखी, दोन तासात मॅगझिनमध्ये लापशी. पाचव्या का सहाव्या राउंडला रोक, म्हणजे रायफल अडली. फौरी इलाज केला, म्हणजे तिथल्या तिथे मोकळी केली, परत रोक. उस्तादाने त्याला मॅगझिन डोक्यावर धरून रेंजला चक्कर मारायला लावली ती अजून आठवते. तर मेण लावलेली गोळी म्हटल्यावर माझ्या अंगावर काटाच आला.

पण एक विचारतो, ते मेण कोरडं होतं म्हणतोस तर धूळ धरत होतं की नाही?

---

लेथवाला_देवगड

काका तिथेच तर मजा आहे. पेडरसन मूर्ख नव्हता. तेलाचा अनुभव सैन्याला आधीच आला होता. थॉम्पसन, टॉमीगनवाला तोच, त्याचीही एक रायफल चाचणीत होती, तिच्यात मॅगझिनमध्ये तेलात भिजवलेल्या गाद्या होत्या काडतुसं पुसली जायला, आणि रिकामी खोळ इतक्या जोरात बाहेर फेकायची की बाजूला उभा राहणाऱ्याने जपून राहावं. त्या तेलगादीला सगळे वैतागले होते. पेडरसनने उत्तर काढलं ते कडक मेणाचं, धूळ चिकटणार नाही, बोटाला लागणार नाही. मेण लावायच्या पद्धतीचंही पेटंट घेतलं. चाचण्यांत ती काडतुसं चांगली चालली.

अडचण चालण्याची नव्हतीच. युद्धात अब्जावारी काडतुसं लागतात, ती चार देशांतल्या दहा कारखान्यांतून येतात, आणि त्यातल्या प्रत्येकावर बरोब्बर तेवढाच मेणाचा थर पाहिजे. एका पाळीला मेण कमी पडलं की बंदूक अडली. मी माझ्या पोराला इंजिनच्या बेअरिंगला ग्रीस लावायला सांगतो तर एक दिवस किलोभर फासतो, एक दिवस विसरतो.

---

आंबेवाली_सड्यावरची

मध्येच घुसते. आमच्याकडे सासऱ्यांची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाचा परवाना, नळीत दारू ठासा, छर्रे घाला, केप लावा, तोवर वानर आंबा खाऊन कोय आपल्याच अंगावर टाकून जातं. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, वानरांना आचारसंहिता नाही. त्यामुळे मला हे सगळं चंद्रावरचं वाटतंय पण वाचायला मजा येतेय.

प्रश्न: काडतूस लहान करायचं ठरवलं तर ते पुरेसं जोराचं आहे हे ठरवलं कसं? कुणीतरी सांगेल, गोळी लहान म्हणजे मार कमी. आमच्याकडे डुकराच्या बाबतीत तर गावात दोन तट आहेत यावर.

---

मास्तर_गुहागर

ताई, डुकराचंच उत्तर आहे, हसू नका. १९२८ मध्ये अमेरिकन सैन्याने मेरीलँडमधल्या ॲबरडीनच्या चाचणी मैदानावर भूल दिलेल्या डुकरांवर तीन मापांच्या गोळ्या झाडून पाहिल्या, .२५६, .२७६ आणि .३०. त्या मंडळाला सगळे ‘पिग बोर्ड’च म्हणायचे. निकाल असा आला की जवळच्या अंतरावर सगळ्यात लहान गोळीनेच सगळ्यात वाईट जखमा केल्या, कारण ती आत गेल्यावर लवकर कलंडते. मोठी गोळी म्हणजे मोठा मार ही समजूत तिथे हलली. जुन्या अधिकाऱ्यांना ते पचलं नाही, मग पुढे बकऱ्यांवर परत चाचण्या, त्याला ‘गोट बोर्ड’. .२७६ हा मधला मार्ग म्हणून टिकला.

आता लेथवाले, तुम्ही गोष्टीतला दुसरा माणूस अजून आणलाच नाही. जॉन गॅरंड. (गारंड लिहू नका कृपया, तो स्वतः गॅरंड म्हणायचा असं त्याच्या ओळखीतले सांगायचे, ‘एरंड’शी यमक जुळवा, लक्षात राहील.) जन्म १ जानेवारी १८८८, कॅनडातल्या क्वेबेकमधलं सां रेमी गाव. लहानपणीच घरचे अमेरिकेत कनेक्टिकटला आले. पोरगा कापडगिरणीत लागला, तिथून यंत्रं शिकला, मग प्रॉव्हिडन्सला ब्राउन अँड शार्पमध्ये टूलमेकर. त्या कंपनीचं मायक्रोमीटर तुमच्या वर्कशॉपमध्ये कदाचित असेलही. नोव्हेंबर १९१९ मध्ये स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात नोकरीला लागला आणि १९५३ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच.

---

लेथवाला_देवगड

लाईट आली!! दोन फेजच आहेत पण मोबाईल चार्जिंगला पुरे.

मास्तर, मी त्याला मुद्दाम राखून ठेवला होता, तुम्ही आणलात तर आता मीच लिहितो कारण हा आपल्या जातीचा माणूस, टूलरूमचा.

गॅरंडची पहिली रायफल तर पेडरसनच्या गुडघ्यापेक्षा विचित्र होती. काडतुसाच्या बुडाशी ती छोटी टोपी असते ना, प्रायमर, तिच्यावर ठोका पडला की दारू पेटते. गॅरंडने पाहिलं की गोळी सुटताना दाबाने ती टोपी किंचित मागे येते. केसभर. त्या केसभर हालचालीवर त्याने बोल्ट उघडायची यंत्रणा चालवली! नळीला भोक नाही, पिस्टन नाही. १९२० ते २५ पाच वर्षं त्यात घातली, दोन डझन रायफली बनल्या, सैन्याच्या हातात चाचणीला गेल्या.

आणि मग १९२५ मध्ये सैन्याने काडतूस बदललं. नवी दारू, आणि प्रायमर जागेवरनं हलू नये म्हणून चेपून बसवलेला. झालं. ज्या हालचालीवर सगळी बंदूक उभी तीच बंद.

मी असतो तर नोकरी सोडून आंब्याच्या पेट्या ठोकत बसलो असतो. याने सगळं मोडीत काढलं आणि गॅसवर नव्याने सुरू केलं, फिरणारा बोल्ट, दोन लग (बोल्ट अडकवून ठेवणारे दात), लांब दांडा. .२७६ मध्ये. म्हणजे आता पेडरसनच्याच काडतुसात पेडरसनशी कुस्ती. आणि लक्षात घ्या, कुलूप पक्कं लागतंय, दाब उतरल्यावर उघडतंय, म्हणजे मेण नको.

---

खाडीपलीकडचा

सगळं छान, पण तुम्ही लोक मेण मेण करताय ते चूक आहे. पेडरसनला मेणाने नाही, मॅकआर्थरने मारलं. १९३२ ला जनरल डग्लस मॅकआर्थर लष्करप्रमुख होता, त्याने सांगितलं काडतूस बदलायचं नाही, .३० च राहणार, गोदामात जुना साठा पडलाय, मंदी आहे, पैसे कुठून आणू. काडतूस गेलं तर त्या काडतुसाभोवती बनवलेली बंदूक जाणारच. साहेबाची एक सही, दहा वर्षांचं काम पाण्यात. यात मेणाचा काय संबंध? हिशोबनीस जिंकले, इंजिनीअर हरले, जगभर हेच चालतं.

---

मास्तर_गुहागर

खाडीपलीकडचे, तारखा लावून बघा. १९३१ मध्ये वीस .२७६ गॅरंड पेडरसनच्या रायफलींसमोर चाचणीला उतरल्या. .३० ची गॅरंड एकच होती, तिचा बोल्ट तडकला म्हणून ऑक्टोबर १९३१ मध्ये ती बाहेर काढली. जानेवारी १९३२ ला मंडळाने शिफारस केली ती .२७६ काडतुसाची, पण बंदूक गॅरंडची, सव्वाशेच्या आसपास बनवा म्हणून. म्हणजे पेडरसन मॅकआर्थरच्या आधीच हरला होता, तेही स्वतःच्याच काडतुसात. मॅकआर्थरची नकाराची सही त्यानंतर, फेब्रुवारीत.

आणि त्या सहीचा फटका खरं तर गॅरंडला बसला. तयार झालेली बंदूक बाजूला, आणि जिचा बोल्ट तडकला होता तीच .३० ची परत हातात घ्या असा हुकूम. क्लिपमध्ये .२७६ च्या दहा बसायच्या तिथे जाड्या .३० च्या आठच बसल्या.

---

खाडीपलीकडचा

बरं, तारखेचं मान्य. पण साठ्यासाठी पुढची तीस वर्षं शिपायाला जड काडतूस वाहायला लावलं हे मान्य करा की.

---

हवालदार_काका

साठ्याचा कारण हसण्यावारी नेव नको रे. मी स्टोअरात पण दोन वर्षां काढलंय. दोन मापांचे राउंड एका कंपनीत असले की क्वार्टरमास्टरची झोप जाते, रात्री अंधारात चुकीची पेटी पुढे गेली तर पुढच्या पोरांनी करायचं काय? आपल्याकडे १९६२ ला पोरं थ्री नॉट थ्री घेऊन वर गेली, प्रत्येक गोळीला बोल्ट ओढायचा तोही बोटं बधिर झालेली असताना, समोर चिनी सेमी ऑटोमॅटिक. माझे चुलते होते त्यात. सेमी ऑटो का पाहिजे यावर ते कधी भाषण देत नसत, फक्त उजव्या हाताने बोल्ट ओढायची ॲक्शन करायचे आणि गप्प बसायचे. ईशापूरच्या सरकारी कारखान्यातली एसएलआर आमच्या हातात आली तेव्हा वीस राउंडची मॅगझिन, नुसता चाप. ती जड होती, लांब होती, पण शिव्या कुणी दिल्या नाहीत.

मेणाबद्दल मात्र माझं मत लेथवाल्याकडे. आणि दुसरं, तो गुडघा वर उडतो म्हणतोस, आडवं पडून फायर करताना तो डोक्याकडे नाही येत? हेल्मेटला?

---

लेथवाला_देवगड

काका वर उघडतो, बोल्टच्या वरच्या बाजूला. पहिल्यांदा चालवणारा दचकायचाच. पेडरसनची क्लिपसुद्धा सुरवातीला एकाच बाजूने बसायची, उलटी धरली की जात नाही. गॅरंडची दोन्हीकडून चालायची. अंधारात, थंडीत, घाबरलेल्या माणसाला उलटं-सुलटं बघायला लावणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

---

बोंबील_रवाफ्राय

धागा लांबला तरी मजा येतेय. मला एक कळत नाही, .३० ची नवी बंदूक मग लगेच चालली का? की ती पण फसत फसतच गेली?

---

लेथवाला_देवगड

फसत फसत! हाच माझा आवडता भाग, जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

१९३४ ला ७५ रायफली पायदळ आणि घोडदळाकडे वापरायला दिल्या, तक्रारींची रांग लागली, परत दुरुस्ती. ९ जानेवारी १९३६ ला एम १ म्हणून मंजूर झाली. कारखान्यातली पहिली १९३७ मध्ये झाडून पाहिली. म्हणजे १९१९ ला नोकरीला लागलेला माणूस, अठरा वर्षांनी पहिली उत्पादनातली बंदूक.

आणि मग गंमत. कारखान्यातून आलेल्या बंदुकांत सातवी गोळी अडकायची. हाताने बनवलेल्या नमुन्यांत हा रोग नाही, मशीनवरच्यांतच. ड्रॉइंग तेच, पोलाद तेच. शोधता शोधता सापडलं ते असं: बॉडीच्या आत क्लिपला धरून ठेवणारी एक बारीक कड होती. टूलरूममध्ये ती शेवटपर्यंत जशीच्या तशी ठेवली होती. उत्पादनाला घेताना मशीनवरचं काम सोपं व्हावं म्हणून कटर सरळ पुढे जाऊ दिला, त्यात त्या कडेचं टोक उडालं. एवढंसं टोक. पण क्लिपमध्ये शेवटच्या दोनच गोळ्या उरल्या की आधार सुटायचा, गोळी तिरकी व्हायची आणि अडकायची. पहिल्या सहा मस्त. तयार झालेल्या बंदुकांत मग तिथे वेल्डने धातू भरून परत कड काढली.

मला हे वाचून एक जुनं प्रकरण आठवलं. मी एके ठिकाणी नोकरीला होतो, नाव घेत नाही, पंपाच्या बॉडीला मी एक खांदा ठेवलेला दीड मिलिमीटरचा. सुपरवायझर म्हणाला फालतू आहे, एक सेटिंग वाचते, काढ. काढला. तीन महिन्यांनी सगळे पंप गळके परत आले आणि बोलणी मला. तो खांदा सीलला मागनं टेकू होता. गॅरंडकडे निदान नमुना होता दाखवायला, माझा नमुना भंगारात गेलेला.

---

आंबेवाली_सड्यावरची

दीड मिलिमीटर 😂 आमच्याकडे पेटीतला एक आंबा डागी निघाला की दलाल सगळी पेटी डागी म्हणतो, तेव्हा मी समजू शकते.

गॅसचं जरा सांगा ना. नळीला भोक पाडायचं म्हणजे गोळी तिथनं वाकडी नाही का जाणार?

---

लेथवाला_देवगड

ताई अगदी हीच भीती सैन्याला होती! नळीला भोक नको म्हणत होते. म्हणून गॅरंडने सुरवातीला भोकाऐवजी नळीच्या तोंडावर एक टोपी बसवली. गोळी नळीतून बाहेर पडून टोपीतून जायच्या मध्ये जो क्षण मिळतो त्यात गॅस पकडून मागे पिस्टनला. गॅस ट्रॅप म्हणतात. कागदावर नळी अखंड, सगळे खूश.

वापरात ती टोपी काजळीने भरायची, आणि त्या काळच्या प्रायमरमध्ये जे रसायन होतं ते जळून मागे मीठ उरायचं. मीठ म्हणजे मीठच, हवेतलं पाणी ओढतं. खाडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांना पुढचं सांगायला नको, रात्री पुसायला विसरलेला पाना सकाळी लाल. १९४० च्या सुमारास शेवटी टोपी गेली आणि नळीच्या तोंडाजवळ साधं बारीक भोक पाडलं. गोळी वाकडी बिकडी काही गेली नाही.

---

हवालदार_काका

एसएलआरला पण भोकच. वर गॅस रेग्युलेटर, मळ साठला, रायफल मंद झाली की क्लिक फिरवून गॅस वाढवायचा, परत गाडी चालू. पावसाळ्यात मी पोरांना सांगायचो, जेवण नंतर, आधी गॅस प्लग.

पावसात त्या अमेरिकन रायफलीचं काय व्हायचं?

---

मास्तर_गुहागर

अडायची, काका. सतत पावसात भिजली की बोल्टवरचं तेल धुऊन जायचं आणि धातूवर धातू घासून ती जाम व्हायची. त्यावर उपाय म्हणून जे निवडलं ते ग्रीस, लुब्रिप्लेट. पाण्याने न जाणारं. लहान डबी दस्त्याच्या पोकळीत ठेवायची सोय केली.

---

खाडीपलीकडचा

म्हणजे शेवटी गॅरंडला पण वंगण लागलंच! मग पेडरसनच्या मेणाने काय घोडं मारलं होतं?

---

लेथवाला_देवगड

अरे फरक आहे ना राजा. ग्रीस बंदुकीला, शिपायाच्या हातातलं, वाटलं तेव्हा बोट घालून लावता येतं. मेण काडतुसाला, हजार मैलांवरच्या कारखान्यात लावलेलं, कमी पडलं तर शिपाई काय करणार, गोळी चाटणार? वंगण कुणाच्या हातात आहे हा मुद्दा आहे.

हवालदार काका पहिल्याच पोस्टमध्ये बोलले ते, रायफलीला तेल, राउंडाला नाही.

---

बोंबील_रवाफ्राय

आता माझी एक पुडी. २०२२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने नवी रायफल निवडली, ६.८ मिलिमीटर. इंचात .२७७. पेडरसन .२७६. नव्वद वर्षांनी एक हजारांश इंच सरकून तिथेच आले 😄 मधे इंग्रजांनी पण १९५१ ला ईएम २ नावाची रायफल .२८० मध्ये मंजूर केली होती, चर्चिल आल्यावर रद्द, कारण अमेरिका परत .३० च्या मापावरच अडून बसलेली.

---

मास्तर_गुहागर

छान जुळवलंत पण एक टाचणी टोचतो. पेडरसनचं .२७६ हे नळीच्या आतल्या मापाचं नाव, प्रत्यक्ष गोळी .२८४, म्हणजे ७ मिलिमीटर. ६.८ चं .२७७ हे गोळीचं माप. आणि ६.८ चा दाब पेडरसनच्या कितीतरी वर. तो धक्का कमी करायला निघाला होता, हे चिलखत फोडायला निघालेत. ईएम २ ची तुलना मात्र पटली.

---

आंबेवाली_सड्यावरची

शेवटचा प्रश्न, घरातल्या बाईचा समजा हवा तर. पैसे कुणाला किती मिळाले?

---

लेथवाला_देवगड

ताई तुम्ही दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

पेडरसन करारावर होता, वर्षाला दहा हजार डॉलर, वर रॉयल्टी ठरलेली. त्या काळात घसघशीत. बंदूकच न बनल्याने रॉयल्टी राहिली कागदावर. इंग्लंडमध्ये व्हिकर्स कंपनीनेही त्याच्या काही रायफली बनवल्या, तिथेही मोठी ऑर्डर नाही. जपान्यांनी त्याच्या नमुन्यावर प्रयोग केले, ते पण सोडले. गुडघा सगळीकडे वाकलाच.

गॅरंड पगारी माणूस. पेटंट सगळी सरकारला देऊन टाकली. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या चाळीस लाखांवर रायफली निघाल्या, पुढच्या धरून चोपन्न लाखांच्या घरात. रॉयल्टी शून्य. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असं विधेयक अमेरिकन संसदेत आलं होतं, मंजूर झालं नाही. १९७४ ला गेला. तो नुसती बंदूक काढून थांबला नव्हता, ती बनवायला लागणारी मशीनं, जिग (काम नेमक्या जागी धरणारा साचा) यातही त्याचा हात होता, म्हणून तर लाखांनी निघाल्या. त्याच्याबद्दल सांगतात की त्याला स्केटिंगचं इतकं वेड होतं की थंडीत घरातल्याच खोलीत पाणी सोडून बर्फ केला.

मी पण एका कंपनीला जिग करून दिलेली, सोळा भोकं एका सेटिंगमध्ये, अजून वापरतात असं तिथला पोरगा सांगतो. मला तेव्हा मिळाला स्टीलचा डबा, चार खणांचा. बायको त्यात मसाला ठेवते.

---

हवालदार_काका

डबो तरी मिळालो. माका निवृत्तीक घड्याळ मिळाला, ता पण पावसात बंद पडला.

रे लेथवाल्या, माझ्या पंपाचो गुडघो म्हणजे ता हँडलचो सांधो झिजलो असा. लाईट असतानाच करून दी. उद्या आणतंय.

---

लेथवाला_देवगड

आणा काका. सकाळी आणा, दुपारनंतर परत लाईट जाणार आहे म्हणतात. आणि येताना जुना बुश फेकू नका, घेऊन या, माप त्यावरनंच घ्यायचंय.